मेलेले आधी

आमच्या मंडळात कुणाला शाल आणि नारळ द्यायचा ठरला की आधी मला फोन येतो. पाहुण्यांचा परिचय करून देणं हे गेली कित्येक वर्षं माझं खातं आहे. फ्रँकफुर्टच्या आसपास राहणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस माझ्या तोंडून एकदा तरी थोर झालेला आहे. दातांच्या एका डॉक्टरांचा परिचय मी असा काही करून दिला होता, की कार्यक्रम संपल्यावर त्यांची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे सगळं खरं असेल तर मला आज घरी जाऊन यांच्याशी नीट बोलायला हवं." मी खोटं काहीच बोलले नव्हते. काय आधी सांगायचं, काय नंतर आणि काय मुळीच नाही, एवढंच मी ठरवते. सगळी कला तिथंच असते.

त्या कलेनं एकदा काय केलं, ते सांगते.

मी शिकले मत्स्यशास्त्र, आणि तेही कोकणात, जिथं मासे खायला शिकायला शाळा लागत नाही आणि मासे वाढवायला शिकायला कुणी येत नाही. आता बाड हॉम्बुर्गजवळच्या एका कंपनीत आहे. माशांच्या टाक्यांतलं पाणी गाळून परत फिरवणारी यंत्रं आम्ही बनवतो. दिवसभर पडद्यावर प्राणवायूचे आकडे बघते. मासा दिसतो तो कॅन्टीनमध्ये, शुक्रवारी, पावाच्या चुऱ्यात घोळवलेला.

एका शनिवारी फ्रँकफुर्टच्या स्टेशनजवळच्या आशियाई दुकानात मी गोठवलेल्या कोळंब्या उचलत होते. शेजारच्या फ्रीजपाशी काठी टेकून उभा असलेला एक म्हातारा हातातल्या गोठलेल्या माशाला रागावत होता. इंग्रजीत, शांतपणे, मास्तर मुलाला रागावतात तसा. "हे डोळे बघा. बर्फात घालण्याआधी याला दिवसभर उन्हात ठेवलंय. आणि वर किंमत बघा!"

तो आवाज मी पंचवीस वर्षांनी ऐकत होते, तरी माझी पाठ आपोआप ताठ झाली. म्हाताऱ्यानं वळून माझ्याकडे बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाला, "इंडिया. टाकी क्रमांक चार."

ते माझे सर. फिलिपिन्समधल्या एका बेटावर, समुद्राकाठच्या मत्स्यबीज केंद्रात, त्यांनी मला सहा महिने शिकवलं होतं. आम्ही निरनिराळ्या देशांतले बारा जण होतो आणि नावं उच्चारायची कटकट नको म्हणून सर प्रत्येकाला देशाच्या नावानं हाक मारायचे. त्यामुळे तेविसाव्या वर्षी सहा महिने मी एकटीच अख्खा भारत होते. त्या मानानं वागणं बेताचंच होतं.

केंद्राचा एक नियम होता. सकाळी साडेसहाला प्रत्येकानं आपापल्या टाकीशी उभं राहायचं. सर वही घेऊन यायचे. नमस्कार नाही, काही नाही. आपण मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा अहवाल द्यायचा: टाकीचा क्रमांक, मग मेलेली पिल्लं किती, आणि त्यानंतर जिवंत, खाणं, तापमान वगैरे. मेलेले आधी. कुणी चुकून जिवंतांपासून सुरुवात केली तर सर वही मिटून पुढच्या टाकीकडे जायचे आणि मग दिवसभर त्या मुलाशी बोलायचे नाहीत.

"जिवंत उद्याही मोजता येतील," ते म्हणायचे. "मेलेलं पिल्लू उद्यापर्यंत पाण्यात विरघळून जातं. ते आजच मोजायला हवं."

माझ्या टाकीत कोळंबीची पिल्लं होती, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. एके संध्याकाळी मला ती भुकेली वाटली. आता मराठी घरात वाढलेल्या बाईला समोरचा जीव भुकेला वाटला की पुढचं तिच्या हातात नसतं. मी वाढलं. मग आणखी थोडं वाढलं. जाता जाता, नाही म्हणू नका, एवढंच, म्हणून आणखी एक चमचा. उरलेलं खाणं तळाशी कुजलं, पाणी बिघडलं, आणि सकाळी टाकीचा तळ पांढरा झाला होता. आग्रहानं मारलेली कोळंबी त्या केंद्रात त्याआधी कुणी पाहिली नसावी.

साडेसहाला सर समोर आले. मी म्हणाले, "टाकी क्रमांक चार. मेलेले, साधारण चाळीस."

त्यांनी पाण्याकडे बघितलं. एक पांढरं वाडगं, एक चमचा आणि एक स्टूल मागवलं. तळाचा गाळ नळीनं ओढून काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मोज." आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसले. मी शंभर म्हटलं की ते एक खडा जमिनीवर ठेवायचे. दुपार झाली, जेवणाची घंटा झाली, बाकीचे अकरा देश जेवून आले. सर उठले नाहीत. ओरडले नाहीत. शेवटी खड्यांचा ढीग झाला, तो त्यांनी मोजला, आकडा वहीत लिहिला आणि समोर 'इंडिया' असं लिहिलं.

तर ते सर आता जर्मनीत होते. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना आणलं होतं. मुलगी नर्स, बाड हॉम्बुर्गच्याच एका डायलिसिस केंद्रात. सरांच्या किडन्या गेल्या होत्या, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस तेही तिथंच, खुर्चीत चार-साडेचार तास पडून. ती मला पहिल्या भेटीपासून 'आते' म्हणायला लागली. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात. मला मात्र दर वेळी आपण नऊवारी नेसून भाच्याच्या लग्नात मिरवतोय असं वाटायचं.

मी दर रविवारी जायला लागले. आमटी-भात घेऊन. खारट घेऊन जायला बंदी, पोटॅशियमला बंदी, पाण्यालासुद्धा बंदी. दिवसाला ठरलेलं माप. जन्मभर पाण्यात उभा राहिलेला माणूस आता पाण्याचे घोट मोजून पीत होता. "बघ," सर म्हणायचे, "मीच टाकी झालोय. माझंच पाणी गाळून परत सोडतात. तुझ्या कंपनीचा पंप आहे का गं?"

रविवारच्या रविवारी त्यांचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. बाप दुसऱ्याच्या मत्स्यतळ्याचा राखणदार. सर आधी खाडीकाठच्या एका गावात शाळामास्तर झाले. मग मत्स्यशाळा, शिष्यवृत्ती, परदेशातली डॉक्टरेट, परत येऊन केंद्राचे प्रमुख. आणि शेवटची वर्षं प्रांताच्या मत्स्यखात्याचे मोठे अधिकारी. पदकं होती, मानपत्रं होती. माझ्यातली परिचय करून देणारी बाई आतून नाचत होती. असा ऐवज हाताला लागत नाही हो रोज!

मग एका रविवारी त्यांनी घडीचा कागद पुढे केला. दोन्ही बाजूंनी नावं, बारीक अक्षरात. वर एकच वाक्य: 'या माणसांच्या आणि समुद्राच्या मध्ये जे जंगल होतं, ते तोडायच्या परवानगीवर माझी सही आहे.'

जंगल म्हणजे तिवरांचं, खारफुटीचं. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या गावात सर पहिल्यांदा मास्तर होते, त्याच गावासमोरची तिवरं तोडून कोळंबीची तळी करायची होती. कागद त्यांच्या टेबलावर आला आणि त्यांनी आनंदानं सही केली. तळ्यांतून गाव वर येईल असं त्यांना खरोखर वाटत होतं. काही वर्षं आलंही. मग कोळंबीत रोग शिरला, तळी ओस पडली, बांध फुटले. आणि सर निवृत्त झाल्यावर एका वर्षी वादळ आलं. समुद्राला वाटेत अडवायला काहीच उरलं नव्हतं. लोक शाळेत जाऊन बसले होते, कारण गावात पक्की इमारत तीच. पाणी तिथवर आलं.

"तिसऱ्या दिवशी मी गेलो," सर म्हणाले. "चर्चच्या दारावर यादी लावली होती. ती उतरवून घेतली. यातल्या निम्म्यांना मी अक्षरं शिकवलीत."

हे त्यांना चारचौघांत सांगायचं होतं. लिहून नाही. मोठ्यानं. इथल्या फिलिपिनो मंडळींनी चर्चच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरवला होता, तेव्हा त्यांनी मुलीला कागद दाखवला. मुलीनं सत्कार रद्द करून टाकला.

"आते, तूच समजाव त्यांना," ती मला जिन्यात म्हणाली. "आमच्याकडे एक नर्स आहे. त्याच गावची. तिची आई आहे त्या यादीत. पप्पांच्या हातात सुई घालते ती. आठवड्यातून तीनदा. माझ्या मुलीची गॉडमदर आहे ती! तिला काय सांगू?"

"सरांना माहितीय, ती कुणाची मुलगी?"

"त्यांना माहितीय म्हणून तर मला झोप येत नाही."

सर हट्टाला पेटले नाहीत. त्यांनी मार्ग काढला. "इंडिया, तुझ्या लोकांसमोर वाच," ते म्हणाले. "त्यांचं कुणी त्या गावात नव्हतं. माझ्या मुलीला त्रास नाही. कुठल्याही भाषेत वाच, पण माणसांसमोर आणि मोठ्यानं. आणि आधी."

त्यावर दोन आठवड्यांनी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमाचे पाहुणे ऐन वेळी गळाले होते. "अगं, शाल आणलीय, नारळ आणलाय, आणि माणूस नाही! कुणीतरी दे."

"देते," मी म्हणाले. "फिलिपिन्सचे थोर शिक्षणतज्ज्ञ चालतील?"

"आल्झो," अध्यक्षांचं प्रत्येक 'तर मग' जर्मन असतं, "जिवंत असला म्हणजे झालं. सात मिनिटं हं. नंतर मुलींचा नाच आहे, त्यांच्या आया माझा जीव घेतील."

नवरा म्हणाला, "तू मराठीत बोलणार. त्यांना काय कळणार त्यातलं?"

"त्यांना सांगायचंय. ऐकायचं नाहीये."

"आणि लोकांना? चकली खाता खाता ऐकायला लावणार हे?"

मी त्याला म्हटलं, तू सतरंज्या उचल. पण तो जे म्हणाला ते जाऊन बसलं कुठेतरी.

सभागृह गावच्या क्लबचं, भिंतीवर जुन्या फुटबॉल संघांचे फोटो, त्यांच्यावर आम्ही लावलेल्या झेंडूच्या माळा. सर पहिल्या रांगेत, कोट घालून, काठी दोन्ही हातांत. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा जरा बरा असायचा, म्हणून मुद्दाम तोच दिवस. माझ्या हातात दोन कागद होते. वरचा त्यांच्या यादीचा, वाक्य मी मराठीत करून घेतलेलं. खालचा परिचयाचा.

मी माईकपाशी गेले. समोर दीडशे माणसं नव्या कपड्यांत, मांडीवर फराळाच्या बश्या. विंगेत सहा-सात वर्षांच्या मुली नऊवारी नेसून, ओठ रंगवून, एकमेकींना जर्मनमध्ये ढकलत उभ्या. एकीचा अंबाडा सुटत होता आणि तिची आई तोंडात पिना धरून तिच्यामागे. अध्यक्षांनी मला सात बोटं दाखवली.

वरचा कागद मी खाली नेला. हात आपोआप गेले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. हात आपोआप कुठेही जात नाहीत.

आणि मग मी परिचय करून दिला. असा मी आजवर कुणाचा करून दिलेला नाही. राखणदाराचा मुलगा, खाडीकाठची शाळा, जगभरचे विद्यार्थी, पांढरं वाडगं, खडे. माझ्या खोट्या चाळिसांवर लोक पोट धरून हसले. 'मेलेले आधी' हा नियमसुद्धा सांगितला मी, विनोद म्हणून! टाळ्या थांबेनात. लोक बश्या बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होते. अध्यक्षांनी शाल घातली, बिनशेंडीचा, गुळगुळीत जर्मन नारळ हातात दिला. सर काठी सोडून उभे राहिले. टाळ्या वाजवणाऱ्या एकेका रांगेकडे त्यांनी सावकाश बघितलं, शेवटच्या रांगेपर्यंत. आणि खूप खाली वाकले.

गाडीत त्यांनी विचारलं, "आधी वाचलंस?"

"हो, सर."

"सगळी?"

"सगळी."

"आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या."

पुढच्या वळणावर मी गियर खाली आणला. "आमच्याकडे अशा वेळी वाजवत नाहीत," सर म्हणाले.

"आमच्याकडे वाजवतात," मी म्हणाले. "खरं बोलणाऱ्याचा मान म्हणून." तिथल्या तिथं, दुसऱ्या गियरमध्ये, मी अख्ख्या महाराष्ट्राला एक नवी रीत चिकटवून टाकली.

त्यानंतर दोन आठवडे सर फार शांत होते. मला वाटलं, ओझ्यातून सुटले ते. शाल ते पायांवर घेऊन बसायचे. नारळ खिडकीत ठेवला होता. त्यातलं पाणी त्यांना वर्ज्य.

मग मुलीचा फोन आला. ती कामावरून बोलत होती, मागे यंत्रांचे आवाज. "आते, पप्पांनी तिला सांगितलं."

त्या नर्सला. सुई घालून चिकटपट्टी लावत असतानाच. तिनं पट्टी नीट लावली, यंत्र तपासलं, वेळ लिहिली आणि दुसऱ्या खोलीत गेली. पुढच्या वेळी सुई घालायला कुणी दुसरंच आलं. तिनं पाळी बदलून मागितली होती. मुलीशी बोलणं बंद. नातीच्या वाढदिवसाची भेट टपालानं आली, अगदी पलीकडच्या गल्लीतून.

"तुझ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे!" मुलगी ओरडली. "पप्पांना वाटलं असेल, सांगितलं की माणसं माफ करतात. तू कशाला वाचलंस ते? तुला सांगितलं होतं ना मी!"

"मी वाचलं नाही गं," मी म्हणाले.

मागे कुठल्याशा यंत्राची घंटा वाजली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी मी गेले. आमटी-भात न घेता. सर खिडकीशी होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही. "टाकी क्रमांक चार," ते म्हणाले. "अहवाल."

मी पन्नाशीची बाई, दोन मुलांची आई, अंगावर अजून कोट. ताठ उभी राहिले. "एकही नाव वाचलं नाही, सर."

त्यांनी मान हलवली. "माहीत होतं. नावं मराठीतही मला ओळखू आली असती. आणि मेलेल्यांची नावं वाचली तर माणसं चमचा खाली ठेवतात. तुझी माणसं हसत होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी खिडकीतला नारळ उचलून मांडीवर घेतला. "टाळ्या बऱ्या वाटल्या," ते म्हणाले. "घरी आल्यावर त्याची लाज वाटली. म्हणून मग तिला सांगितलं. तुझ्यामुळे नाही, इंडिया. तू चाळीस म्हणालीस तेव्हा तेवीस वर्षांची होतीस. मी एक्याऐंशीचा आहे, आणि वाकून नमस्कार करून आलो."

त्यानंतर मी काही विनोद केला असता तर बरं झालं असतं. सुचला नाही.

फेब्रुवारीत, खुर्चीत यंत्राला जोडलेले असतानाच, त्यांचं हृदय थांबलं.

कब्रस्तानातल्या सभागृहाची वेळ अर्ध्या तासाची. तेवढीच मिळते, नंतर दुसरं कुटुंब असतं. दाराशी एक माणूस घड्याळ बघत उभा असतो. फिलिपिनो मंडळी जड कोटांत, पाद्री, मधोमध शवपेटी. मुलगी माझ्याजवळ आली. तोच घडीचा कागद तिनं माझ्या हातात ठेवला.

"तू बोल, आते. ते तुझं नाव सांगून गेलेत."

"काय वाचू?"

"आता लपवायला काय राहिलंय! वाच. आणि आधी."

परिचय माझ्या पर्समध्ये होता. पदकं, पदव्या, पांढरं वाडगं. मी तो बाहेर काढला नाही. सरांचं वाक्य वाचलं आणि मग नावं वाचायला लागले. माझे उच्चार चुकत होते. कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी उठून बाहेर गेलं, दाराचा गार वारा आत आला. मी कागद उलटला. मागच्या बाजूला मधेच कुठेतरी त्या नर्सच्या आईचं नाव असणार, पण ते कोणतं हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे प्रत्येकच नाव मी ते असल्यासारखं वाचलं.

संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. कामाच्या पांढऱ्या कपड्यांवर जाकीट, केस घट्ट बांधलेले. कुणी सांगायची गरज नव्हती.

"एक राहिलं," ती म्हणाली. "माझा भाऊ. तो सापडलाच नाही. चर्चच्या दारावर फक्त सापडलेल्यांची नावं होती."

तिनं नाव सांगितलं. मला ते नीट कळलं नाही आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मी पेन पुढे केलं. ती मधल्या वाटेनं चालत आली, सरांच्या मुलीकडे न बघता. आजूबाजूला टेबल नव्हतं. तिनं कागद पेटीच्या झाकणावर ठेवला, डाव्या हातानं कडा दाबून धरली, आणि सरांच्या बारीक अक्षरांखाली भावाचं नाव लिहिलं. दाराशी उभा असलेला माणूस घड्याळ बघत होता.